अर्थ सुटलेले दिवे

मोटारीच्या पुढच्या दिव्यांनी एकतर लागावे किंवा लागू नये, एवढीच अपेक्षा ते बनवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी त्यांच्याकडून धरलेली असते. परंतु या दोहोंच्या मध्ये तिसरी एक अवस्था असते, जिच्यात दिवा लागलेला आहे असेही ठामपणे म्हणता येत नाही आणि गेलेला आहे असेही म्हणवत नाही, आणि गाडीमालकाची खरी परीक्षा याच अवस्थेत होते. पूर्ण गेलेला दिवा सरळमार्गी असतो. त्याचे काय करायचे हे सर्वांना कळते, बल्ब बदलला जातो आणि विषय मिटतो. लुकलुकणारा दिवा मात्र गॅरेजच्या दारात पोहोचताच शिस्तीत उजळतो, मेकॅनिकसमोर दहा मिनिटे पापणीही न लववता उभा राहतो, आणि परतीच्या वाटेवर पहिला गतिरोधक लागताच पुन्हा मूळ स्वभावावर जातो. दवाखान्याची पायरी चढताच थांबणारा खोकला आणि हा दिवा यांचे गोत्र एकच असावे, असे मानण्यास भरपूर आधार आहे.

या दोषाचे वर्णन करण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. उलट तेलातुपाच्या दिव्यांच्या काळातच या भाषेने त्याची पुरेशी वर्गवारी करून ठेवली आहे. तेल कमी पडल्यामुळे सतत मंद जळणारा दिवा मिणमिणतो, वाऱ्याने ज्योत वेडीवाकडी हलू लागली की तो फडफडतो, ठरावीक अंतराने दिसेनासा होऊन पुन्हा दिसू लागला की तो लुकलुकतो, आणि उजेड हळूहळू उतरत गेला की तो मंदावतो. मोटारविद्येच्या दृष्टीने ही चार क्रियापदे म्हणजे चार वेगळे रोग होत: मिणमिणणे हे बल्बपर्यंत विजेचा पुरेसा दाब पोहोचत नसल्याचे, फडफडणे हे सैल जोडाचे, लुकलुकणे हे आपोआप तुटून पुन्हा जुळणाऱ्या एखाद्या भागाचे, आणि मंदावणे हे वीज बनवणाऱ्या यंत्रणेचे लक्षण बहुधा असते. एवढी तयार परिभाषा घरात असताना गाडीमालक गॅरेजमध्ये जाऊन ‘लाइट डिम-फुल, डिम-फुल होतेय’ एवढेच सांगतो, ऐकणाराही ‘गाडी सोडून जा, संध्याकाळी बघू’ एवढेच उत्तर देतो, आणि निदानाचा पहिला व फुकटचा टप्पा दोघांच्या संमतीने वगळला जातो.

आयुर्वेदाची रीत याहून शिस्तीची आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथाचा आरंभच निदानपंचकाने होतो; निदानपंचक म्हणजे रोग ओळखण्याची पाच साधने, ती अशी: हेतू, म्हणजे रोगाचे कारण; पूर्वरूप, म्हणजे रोग प्रकट होण्याआधीच्या खुणा; रूप, म्हणजे प्रत्यक्ष लक्षणे; उपशय, म्हणजे एखादा उपाय करून पाहून त्याने बरे वाटते की नाही यावरून रोग ठरवणे; आणि संप्राप्ती, म्हणजे दोषाने रोगाचे रूप घेईपर्यंतचा प्रवास. माधवकराच्या डोळ्यांपुढे मोटार नव्हती हे उघड असले, तरी त्याची पाचही साधने मोटारीच्या दिव्याला जशीच्या तशी लागू पडतात, आणि गल्लीतल्या ‘ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स’मधला कारागीर ती नकळत वापरतही असतो, फरक एवढाच की, तो बहुतेक वेळा चौथ्या साधनापासून सुरुवात करतो आणि बिल झाल्यावर पहिल्याकडे वळतो.

हेतूचा विचार करताना आधी परिपथ, म्हणजे विजेच्या प्रवाहाची जाण्यायेण्याची पूर्ण वाट, समजून घ्यावा लागतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, रिले आणि होल्डर यांच्यामधून बल्बपर्यंत जातो. फ्यूज ही प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास स्वतः वितळून इतरांना वाचवणारी तार. रिले हा लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच, म्हणजे साहेबाने नुसती मान हलवताच कपाट उचलणारा शिपाई. आणि होल्डर ही बल्बच्या पिना घट्ट धरून ठेवणारी खोबण. बल्बमधून बाहेर पडलेल्या प्रवाहाला बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परत जायचे असते, आणि येथे मोटार बनवणाऱ्यांनी काटकसर केलेली असते: परतीसाठी थेट बॅटरीपर्यंत वेगळी तार न ओढता ते गाडीच्या पत्र्यालाच तार मानतात. बल्बची परतीची तार जवळच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली असते, बॅटरीची निगेटिव्ह तारही पत्र्याला आणि इंजिनाला जोडलेली असते, आणि या साऱ्या जोडणीला गॅरेजच्या भाषेत ‘बॉडी अर्थ’ किंवा नुसते ‘अर्थ’ म्हणतात.

इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत उतरताच त्याला अकस्मात पांडित्य प्राप्त झाले आहे. ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांनी उच्चारले तर टीकाग्रंथ उघडावे लागतात, आणि बॉनेटमध्ये डोके घातलेल्या इलेक्ट्रिशियनने उच्चारले तर पॉलिश पेपर आणावा लागतो. दोन्ही ठिकाणी मूळ अडचण मात्र एकच असते, की ज्या आधारावर सारे उभे आहे तो आधार गंजलेला असतो. शब्दाला अर्थ नसला तरी भाषणे होतात. दिव्याला अर्थ नसला तर निदान अंधार तरी प्रामाणिकपणे पडतो.

दिव्याच्या वाटेवरचे टर्मिनल, फ्यूजच्या पाती, रिलेचे पाय, वायरी एकमेकींना जोडणारे कपलर, होल्डर, अर्थाचा बोल्ट असे सगळे मोजायला बसले, तर डझनभर जोड सहज निघतात, आणि लुकलुकीचा उगम बहुतेक वेळा एखाद्या भागात नसून दोन भागांच्या अशा जोडात असतो. अडचण अशी की, भाग बाजारात मिळतो आणि जोड मिळत नाही. बल्ब खोक्यात येतो, बॅटरीला वॉरंटी कार्ड असते, अल्टरनेटर दुरुस्त करून दिल्याचा कागद मिळतो. सैल बोल्ट आवळल्याची मात्र पावती फाडता येत नाही, म्हणून मालकाला पैसे दिल्याचे आणि कारागिराला घेतल्याचे समाधान लाभत नाही. परिणामी आधी दोन्ही बल्ब, मग बॅटरी, मग अल्टरनेटर असा सन्मानाने चढत जाणारा खर्च होतो, आणि अखेरीस कुणाचा तरी हात चुकून त्या बोल्टाला लागतो व गाडी बरी होते. श्रेय अर्थातच शेवटी बदललेल्या वस्तूला मिळते.

जोड खिळखिळे होण्याची कारणे स्थळकाळानुसार बदलतात. कोकणपट्टीत खारी हवा पितळेच्या पातींवर हिरवा थर चढवते. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी कपलरमध्ये शिरते आणि बाहेरची वाट विसरते. शहरात रस्त्यांवरचे खड्डे वर्षभर विनामूल्य कंपनचाचणी घेत असतात. आणि सर्व्हिसिंगमध्ये इंजिनावर जोरदार पाण्याचा फवारा मारून ‘चकाचक केले’ असे सांगितले जाते, तेव्हा पुढच्या आठवड्यातील लुकलुकीची पेरणी झालेली असते. यांखेरीज उंदीर हे एक स्वतंत्र आणि स्वायत्त कारण आहे. हा प्राणी पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येतो आणि वायरींचे आवरण कुरतडतो; त्याच्या बंदोबस्तासाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधण्याचा किंवा डांबरगोळ्या टाकण्याचा गृहोपचार अनेक ठिकाणी रूढ आहे. गणपतीच्या वाहनाने माणसाच्या वाहनाकडे इतक्या व्यावसायिक आकसाने का पाहावे, हा प्रश्न पुराणांच्या अभ्यासकांकडे सोपवणे योग्य ठरेल.

पूर्वरूपाच्या बाबतीत मोटार कधीच कंजुषी करत नाही. दोन दिव्यांपैकी एकाचा उजेड पिवळट पडू लागतो, दिवे लावल्यावर हॉर्नचा आवाज घोगरा होतो, वायपर दमल्यासारखे फिरतात, सकाळी स्टार्टर एक आळस देऊन मगच इंजिन फिरवतो, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पिठीसारखा पांढरा किंवा मोरचुदासारखा निळसर-हिरवा खार जमतो. ही सारी पत्रे वेळेवर पाठवलेली असतात. ती उघडली जात नाहीत, कारण बॉनेट ही वस्तू सर्व्हिसिंगला आणि दसऱ्याला उघडायची असते अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि दसऱ्यालाही झेंडूचा हार बाहेरूनच घातला जात असल्याने तीही संधी हुकते.

रूपाचा, म्हणजे प्रत्यक्ष लक्षणांचा, विचार करताना ‘दिवा कसा लुकलुकतो’ यापेक्षा ‘केव्हा लुकलुकतो’ हा प्रश्न अधिक फळतो. खड्ड्यात चाक गेले की उजेड थरथरत असेल, तर जोड सैल आहे. इंडिकेटर दिल्याबरोबर हेडलाइटही त्याच्याच ठेक्यावर उघडझाप करू लागला, तर त्या बाजूच्या दिव्यांचा सामायिक अर्थ सुटलेला आहे, कारण स्वतःचा जिना कोसळलेल्या भाडेकरूने शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून ये-जा करावी, तसा एका दिव्याचा प्रवाह दुसऱ्याच्या तारेतून परतीची वाट शोधत असतो. सिग्नलला उभे असताना उजेड उतरून ॲक्सिलरेटर दाबताच पुन्हा चढत असेल, तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, किंवा त्या सैल बेल्टवर घ्यावा. या यंत्राला जुने कारागीर अजूनही डायनॅमो म्हणतात, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या फियाटमध्ये खरोखरच डायनॅमो असे; तो इंजिन मंद असताना पुरेशी वीज देत नसल्यामुळे सिग्नलला दिवे उतरणे हा तेव्हा दोष नसून शिरस्ता होता. ठरावीक मिनिटांनी दिवे पूर्ण जाऊन आपसूक परत येत असतील, तर तापून तुटणारा आणि निवल्यावर जुळणारा एखादा स्विच किंवा रिले शोधावा. आणि गाण्याच्या ठेक्याबरोबर दिवे नाचत असतील, तर डिकीत बसवलेला ॲम्प्लिफायर बॅटरीच्या ताटातला घास पळवत आहे, एवढेच समजावे. त्या गाडीला इलेक्ट्रिशियनपेक्षा शेजाऱ्यांच्या तक्रारीची अधिक गरज असते.

प्रत्येक लुकलुक हा रोग नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. एसीचा कॉम्प्रेसर किंवा रेडिएटरचा पंखा चालू होताना, अथवा काचा वर करण्याची कळ दाबली असता, दिवे निमिषमात्र दबणे स्वाभाविक असते, कारण मोटर सुरू होताना क्षणभर पुष्कळ प्रवाह ओढते. पंगतीत एखादा दांडगा जेवणारा येऊन बसला की वाढप्यांची क्षणभर तारांबळ उडते. त्यावरून मंगल कार्यालयच बंद पडत आले आहे असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

लुकलुकीचा परिणाम गाडीपुरता राहिला असता तर तो सोसता आला असता. परंतु भारतीय रस्त्यावर दिव्यांची उघडझाप ही एक पूर्ण विकसित भाषा असल्याने अर्थ सुटलेला दिवा भलतेच अर्थ निर्माण करतो. ट्रकच्या पाठीमागे रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगवलेली असते, आणि डिपर म्हणजे पुढचा प्रखर झोत खाली उतरवणे किंवा त्याची उघडझाप करणे. एकदा दिलेला डिपर ‘मी येतोय, तू थांब’ असे सांगतो, दोनदा दिलेला ‘पुढे पोलीस उभे आहेत’ असे सुचवू शकतो, आणि सलग दिलेला डिपर समोरच्याच्या घराण्यासंबंधी काही मते व्यक्त करतो. ब्रिटनमधील वाहतुकीच्या ‘हायवे कोड’नुसार दिवे चमकवण्याचा उपयोग आपण येथे आहोत हे कळवण्यापुरताच करावयाचा असतो, आणि तरीही तिथले कित्येक चालक तो ‘आपण आधी चला’ या अर्थाने करतात. म्हणजे तीच खूण एका देशात वाट देते आणि दुसऱ्यात वाट मागते. अशा स्थितीत एखादा घाट चढताना ज्याचा डावा दिवा दर खड्ड्याला फडफडतो, तो सज्जन गृहस्थ आपल्या नकळत साऱ्या घाटाशी भांडत चाललेला असतो, आणि समोरून येणारे त्याला त्याच भाषेत उत्तरे देत असतात.

उपशय, म्हणजे उपाय करून पाहून निदान करणे, हा सर्वांत लोकप्रिय प्रकार होय, आणि त्याचे आद्य रूप म्हणजे चापट. रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच यांच्यावर सिद्ध झालेली ही चिकित्सा मोटारीच्या दिव्यावरही चालते: तळहाताने काचेच्या कडेला एक बेताची थाप मारताच दिवा लख्ख होतो आणि मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर वडिलकीचे तेज येते. शास्त्रीय दृष्टीने ही थाप उपचार म्हणून निरर्थक, पण परीक्षा म्हणून उत्तम असते, कारण मारल्याने जो सुधारतो त्याचा जोड सैल आहे हे तिने सिद्ध होते. दुर्दैवाने थाप मारणारा तिला उपचार समजून गाडीत बसतो. यापेक्षा सभ्य उपशय म्हणजे दिवे चालू ठेवून एकेक वायर आणि कपलर बोटांनी हलवत जाणे आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहणे, ज्यासाठी एक माणूस बॉनेटपाशी आणि एक भिंतीकडे तोंड करून उभा करावा लागतो. हे दुसरे काम परंपरेने घरातल्या मुलाकडे असते, आणि ‘आता? आता? आता बघ!’ या प्रश्नमालिकेला तो ‘हो, नाही, मगाशी झाले होते’ अशी उत्तरे देतो.

याहून निर्णायक असे दोन उपशय आहेत. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि हेडलाइटचा रिले एकाच जातीचा असतो. तसा तो असल्याची खात्री करून घेऊन दोघांची अदलाबदल करावी, आणि दिवे स्थिर होऊन हॉर्न अडखळू लागला तर दोषी रिले सापडला असे समजावे. दुसरा उपशय अर्थाच्या परीक्षेचा: बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून एक जाड वायर थेट दिव्याच्या परतीच्या पिनेशी धरावी, आणि दिवा तत्काळ उजळला तर मूळ अर्थाने साथ सोडली आहे हे निश्चित झाले. या दोन्ही परीक्षांना खर्च येत नाही, म्हणून कदाचित त्यांच्याविषयी आदर नाही. एरवी बॅटरीवाल्याला प्रत्येक लुकलुक बॅटरीची वाटते, वायरिंगवाला सबंध किट बदलायला सांगतो, आणि डेंटर दिव्याची काच पिवळी पडल्याचे दाखवतो; हाती हातोडा असला की सारे खिळेच दिसतात म्हणतात, आणि ज्याच्या हाती हातोडा नाही असा माणूस या बाजारपेठेत भेटत नाही.

संप्राप्ती समजण्यासाठी गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाकडे जावे लागते. ‘सोऽहम्’चा बोध होण्याआधी गाडीमालकाला ‘ओहम’चा झाला तरी पुष्कळ खर्च वाचेल. नियम असा की, वाटेत जितका रोध आणि जितका प्रवाह, त्यांच्या गुणाकाराइतका दाब त्या वाटेवरच खर्ची पडतो. हॅलोजन दिव्यांत रूढ असलेल्या एच४ जातीच्या बल्बमध्ये ६० आणि ५५ वॅटच्या दोन तारा असतात, पहिली दूरच्या झोतासाठी आणि दुसरी जवळच्या. जवळच्या झोताचे दोन्ही दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या सामायिक अर्थाच्या गंजलेल्या बोल्टात केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी ०.९ व्होल्ट तिथेच गडप होतात आणि सुमारे ८ वॅट उष्णता त्या बोल्टापाशी निर्माण होते. घरातला एखादा एलईडी बल्ब ज्या विजेवर खोली उजळतो, तेवढ्या विजेवर येथे एक बोल्ट शेकला जातो. तापलेला जोड फुगतो, निवल्यावर आक्रसतो, या ओढाताणीत आणखी सैल होतो, सैल झाल्याने रोध वाढतो आणि रोध वाढल्याने अधिक तापतो. हीच त्या रोगाची संप्राप्ती. त्यात हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की, दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे हा पगारकपातीपेक्षा कितीतरी जास्त काम कमी करणारा कर्मचारी आहे.

हे ठाऊक नसलेल्या मालकाला कमी उजेडावर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे मोठा बल्ब. ५५ आणि ६० वॅटच्या जागी ९० आणि १०० वॅटचे बल्ब लावले की प्रवाह दीडपटीहून अधिक होतो, पण वायर, स्विच आणि होल्डर जुन्याच हिशेबाचे राहतात. काही दिवस समोरच्यांचे डोळे दिपतात, मग होल्डरचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन चुरचुरते आणि आधी नुसता फडफडणारा दिवा वास मारून विझतो. ज्या वाटेवर एक बैलगाडी अडखळत होती तिच्यावर ट्रक घातल्याने वाट सुधारत नाही, हे तत्त्व ग्रामपंचायतींना मान्य आहे. बल्ब विकत घेणाऱ्यांना अजून नाही.

एलईडी दिव्यांनी या शास्त्रात नवा अध्याय जोडला आहे. हॅलोजनची तार तापून उजेड देते आणि क्षणभर वीज तुटली तरी तापलेली राहते, त्यामुळे बारीकसारीक धक्के ती खानदानी घराप्रमाणे आतल्या आत जिरवते. एलईडी मात्र वीज तुटताच तत्क्षणी विझत असल्याने घरातले सगळे चव्हाट्यावर आणतो. काही नव्या गाड्यांतील संगणक दिव्याला सलग वीज न देता अतिजलद तुकड्यांत देतो किंवा दिवा शाबूत आहे ना हे अधूनमधून चाचपून पाहतो. अशा गाडीत मूळ हॅलोजन काढून बाजारातला एलईडी घातला, तर निर्दोष वायरिंग असूनही तो लुकलुकतो, आणि त्यावर योग्य तो डिकोडर, म्हणजे संगणकाची समजूत घालणारा जोडभाग, लावणे किंवा मुकाट्याने हॅलोजनकडे परतणे हेच उपाय उरतात. याउलट, मूळच्याच एलईडी दिव्यांचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाहून घाबरण्याचे कारण नसते. डोळ्याला न दिसणारी ती जलद उघडझाप कॅमेऱ्याला दिसते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही असे व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले जातात आणि ज्यांनी आयुष्यात सायकलचा डायनॅमोही उघडलेला नाही, असे काका ‘अल्टरनेटर गेला’ असे दोन शब्दांत निदान कळवतात.

काकांचा आरोप खरा की खोटा हे साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत ठरते. इंजिन काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. इंजिन चालू असूनही आकडा चढत नसेल तर अल्टरनेटर कमाई करत नाही. १५ च्या पुढे जात असेल तर त्याचा रेग्युलेटर, म्हणजे दाबाला लगाम घालणारा भाग, सैरभैर झाला आहे आणि बल्ब वरचेवर उडण्याचे रहस्य तेच आहे. मीटर एसीच्या, म्हणजे उलटसुलट विजेच्या, खुणेवर ठेवून अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर ती वीज एकदिश करणारा एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा. हे तिन्ही आकडे जागेवर असतील, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे दिव्याच्या परतीच्या पिनेवर, दिवे चालू असताना टेकवावे, तेथे ०.२ व्होल्टहून जास्त दिसले की शोध संपला, अर्थ सापडला.

त्यापुढचा उपचार इतका साधा आहे की त्याला उपचार म्हणणे कारागिराला संकोचाचे वाटते. दिवे आणि इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, कारण उलट क्रमाने केल्यास पाना पत्र्याला टेकून ठिणगी उडते; खारावर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकून, ते बॅटरीच्या आत न जाईल अशा बेताने, ब्रशने घासावे; अर्थाचा बोल्ट काढून पत्रा आणि तारेचे टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावे, पुन्हा घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा; होल्डर करपलेला असेल तर तो बदलावा, आणि बल्ब हाताळावाच लागला तर काचेला बोट लावू नये, कारण बोटाचे तेल तापून काच तिथेच दुबळी होते. टर्मिनलला बहुतेक गाड्यांत दहाचा पाना लागतो, आणि सारे काम अर्ध्या तासाचे आहे.

खंडेनवमीला वा दसऱ्याला महाराष्ट्रातल्या गॅरेजांत पाने, पकडी आणि जॅक पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि घरोघरच्या मोटारींना झेंडूचे हार घातले जातात. गाडीमालकांनी त्या दिवशी हार घालण्याआधी बॉनेट उघडावे, दहाचा पाना पूजेतून तेवढ्यापुरता मागून घ्यावा, निगेटिव्ह टर्मिनल आणि दिव्यांचा अर्थ साफ करून आवळावा, आणि मगच नारळ फोडावा; वर्षातून एकदा एवढे केले, तरी घाटात कोणाशी भांडायचे आणि कोणाशी नाही हा निर्णय गाडीच्या नव्हे, चालकाच्या हाती राहील.